टाकीच्या तळाला काय घालावं

मुकादमीण हेच तिचं नाव झालं होतं. तीस वर्षं तिने बांधकामांवर बायांकडून वाळू चाळून घेतली. सही करताना अजून जीभ बाहेर यायची, पण वाळू मुठीत धरून तिने भल्याभल्या इंजिनिअरांची बोलती बंद केली होती. अशा बाईने जन्मात एकच टाकी भरली, आणि तिथेच माती खाल्ली.

टाकी मुलाची. तो चार महिन्यांपूर्वी आजारात गेला. मागे राहिली सून आणि ॲक्सोलॉटलची जोडी. पाण्यातले जीव, मोठा वीतभर, धाकटा बोटाएवढा. मानेभोवती पिसांसारखे कल्ले आणि तोंड कायम हसरं.

"घरातलं माणूस गेलंय आणि तुम्ही दात काढताय?" मुकादमीण त्यांच्यावर डाफरायची. पण बसायची तिथेच. मुलाच्या हातचं खाल्लेलं, जिवंत असं, तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

टाकीचा तळ नुसत्या काचेचा. त्यावर त्यांचे पाय घसरायचे. तिला बघवेना. एक दिवस सून कामाला गेल्यावर तिने वाळू आणून चाळली. बारीक टाकून दिली आणि चाळणीवर उरलेले वाटाण्याएवढे खडे स्वच्छ धुऊन तळाला पसरले. बारीक ते घशात जाईल, जाड कोण गिळतंय, असा तिचा सरळ विचार.

मोठ्याने गिळलं. हा प्राणी चावत नाही. तोंड उघडलं की समोरचं सगळं पाण्यासकट आत ओढतो. त्याने खाणं सोडलं, पोट फुगलं. प्राण्यांच्या डॉक्टरने एक्स-रे काढला, तर आत अकरा खडे.

"एकदम बारीक वाळू असती तर बाहेर पडली असती," डॉक्टर म्हणाला. "हे घातलं कोणी?"

"मी," सून म्हणाली.

मुकादमीण एक्स-रेमधले खडे पुन्हा मोजत राहिली. दुसऱ्या दिवशी मोठा गेला.

मग धाकट्यासाठी दोघी माशांच्या दुकानात गेल्या. जन्मात पहिल्यांदा मुकादमिणीने दुसऱ्याला विचारलं, "वाळू कुठली घालू, बाबा?"

"इतक्या लहानाला कुठलीच नको, मावशी. पाय रोवायला फार तर खरखरीत फरशी."

फरशी तिने स्वतः बसवली, कडेला नखही जाणार नाही अशी. धाकटा शेजारी बादलीत होता. सून बघत उभी होती.

"ते होते तोवर मी त्यांना विचारून ठेवायला हवं होतं, आई," सून म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात मी नुसती औषधांचंच बोलत राहिले. तळाला काही घालायचं नाही, एवढं कळलं असतं तर तुम्हाला सांगितलं असतं. मोठा वाचला असता. चूक माझीच."

म्हणजे डॉक्टरपुढचं ते 'मी' सासूला झाकायला नव्हतं. पोरीला तसंच वाटत होतं. मुकादमीण गप्प बसली असती, तर धाकटा घरात राहिला असता, सूनही.

"तो सांगून गेला होता," ती म्हणाली. "मला. तू औषधं आणायला गेली होतीस. 'आई, तळाला काही घालू नकोस. तुझा हात शिवशिवेल, माहीत आहे मला.' मी म्हटलं, तू मला वाळू शिकवतोस होय?"

सून रिकाम्या टाकीकडे वळली.

"आणि तरी घातलेत."

"घातले."

"त्यांचं शेवटचं सांगणं..."

"शेवटचं नव्हतं. शेवटी त्याने पाणी मागितलं. ते दिलं मी."

सुनेने डोळे पुसले. कपाट उघडून चार कपडे पिशवीत भरले. "याला मी माहेरी नेते. परत आणीन असं म्हणत नाही."

"नको म्हणूस."

बादली मात्र मुकादमिणीनेच उचलली. तीन जिने ती एकेक पायरी करत, पाणी हिंदकळू न देता उतरली. रस्त्यावर गाडी उभी होती. सून आत बसली, बादली मांडीवर घेतली. मुकादमीण बादलीची कडी धरून तशीच वाकून उभी.

"सोडा आता, आई," सून म्हणाली.

तिने सोडली.