इस्त्रीच्या वरची फळी

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी, औषधाची बाटली आहे. आज माझ्या पोटात गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तुटलेली बटणं खुळखुळतात. पण एके काळी माझ्या पोटात जीव होते. हो, खरेखुरे जीव!

कारखान्यात माझ्यात कॅप्सूल भरल्या, तेव्हा प्रत्येकीत पोटाला उपयोगी पडणारे इवलेसे जंतू झोपलेले होते, दूध पिऊन तृप्त झालेल्या बाळांसारखे. माझ्या अंगावर छापलं होतं, 'थंड व कोरड्या जागी ठेवा'. औषधाच्या दुकानात मला फ्रीजमध्ये मानाची जागा मिळाली. मी स्वतःला त्या बाळांची आईच समजू लागले.

मग एका इस्त्रीवाल्याने मला विकत घेतलं. त्याच्या बायकोच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. खराब भाग काढून दोन्ही टोकं जोडली होती. नंतरच्या औषधांनी पोटातले चांगले जंतूही गेले आणि तिला जुलाब लागले, म्हणून डॉक्टरांनी माझं नाव लिहून दिलं होतं.

घरी आल्यावर त्याने चष्मा लावून माझ्यावरची अक्षरं वाचली आणि मला कुठे ठेवलं असेल? इस्त्रीच्या टेबलाच्या वर, भिंतीवरच्या फळीवर! मीठ, काड्यापेटी, जपायची प्रत्येक वस्तू तिथेच असायची. इस्त्रीवाल्याचा जन्माचा वैरी म्हणजे ओल. 'कोरड्या' हा शब्द त्याच्या डोळ्यांत भरला, 'थंड' निसटून गेला.

खाली इस्त्री तापली. धग वर आली. माझा जीव टांगणीला लागला. आतली बाळं एकेक करून गप्प होत होती आणि मला काही करता येत नव्हतं. बाटलीला तोंड असतं, पण आवाज नसतो.

तो मात्र रोज न चुकता कॅप्सूल तिच्या हातावर ठेवी.

"बरं वाटतंय ना?"

"वाटतंय हो. मला काय शर्टासारखी घडी घालून ठेवणार आहात का?" ती हसायची.

ती खोटं बोलत होती. तो कपडे पोचवायला बाहेर पडला की न्हाणीघराची कडी पुन्हा पुन्हा वाजे. भिंतीला धरून ती परत येई आणि फळीकडे बघून पुटपुटे, "पुन्हा पोट फाडायला लावू नकोस गं." मित्रांनो, ते ती मला म्हणत होती! माझ्या पोटात तर आता राखच उरली असावी.

एकदा तिची नणंद भेटायला आली. कॅप्सूल काढायला तिने मला उचललं आणि दचकली.

"दादा, बाटली गरम कशी?"

"कोरडी जागा हवी ना! याहून कोरडी जागा दाखव मला घरात."

"आणि त्याच्या आधीचा शब्द? थंड! जिवंत औषध तव्यावर बसवलंस की रे!"

इस्त्रीवाल्याचा चेहरा उतरला. त्याने चष्मा लावून माझ्यावरची अक्षरं पुन्हा वाचली. मग बायकोनेही हळूच सगळं सांगून टाकलं. ते तिघं तसेच दवाखान्यात गेले. मी टेबलावर एकटी राहिले. घड्याळ टिकटिकत होतं. टाके उसवले असतील का? माझ्यामुळे?

अखेर दाराची कडी वाजली. नणंदेच्या हातात नवी बाटली होती. त्यांच्या बोलण्यातून कळलं, टाके शाबूत होते. त्रास लपवल्याबद्दल डॉक्टर इस्त्रीवाल्याच्या बायकोला रागावले होते. "हे औषध मदतनीस आहे, जादू नाही. त्रास झाला तर लगेच या," असंही म्हणाले होते. नवी बाटली थेट फ्रीजमध्ये गेली.

हळूहळू बायको सावरली. नव्या बाटलीमुळे की तिच्या शरीराने स्वतःच जोर धरला, मला ठाऊक नाही. माझ्यातल्या उरलेल्या कॅप्सूल फेकून तिने माझ्यात बटणं भरली. आता ती टेबलाशी बसून कॉलरला बटणं लावते आणि ती बटणं माझ्यातूनच काढते.

मित्रांनो, त्या घरात मला मायेची कधीच कमी पडली नाही. मायेनेच मला धगीवर ठेवलं. म्हणून कुणाला जपायचं असेल, तर कसं जपायचं ते आधी पुरतं वाचा, नाही कळलं तर विचारा. आणि दुखत असेल तर हसून झाकू नका.

अजूनही खाली इस्त्री तापली की मी घाबरते. आत फक्त बटणं आहेत, हे आठवायला मला जरा वेळ लागतो.