झोप आली म्हणून

"हे तुमचेच का?" हवालदाराने विचारलं.

ती चौकीच्या दारातच उभी होती. फोन आला तशी निघाली होती, त्यामुळे हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतला निळा कोट अंगावर तसाच राहिला होता. आत बाकाच्या टोकाला अण्णा बसले होते. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, केस पाण्याने चापून बसवलेले, मांडीवर पिशवी. तिला पाहून ते उठायला गेले, पण इथे आपल्या मनाने उठायचं असतं की नाही हे न कळून पुन्हा खाली बसले.

"वडील आहेत माझे," ती म्हणाली. "काय केलं त्यांनी?"

"झोपले होते."

"म्हणजे?"

"बागेत, कुंपणाच्या कडेला. नवा नियम आलाय, बाई. रस्त्यावर, बागेत, स्टँडवर कुठंच झोपायचं नाही. आज समज देऊन सोडतो. पुन्हा सापडले तर केस होईल."

"अहो, पण हे त्यांच्या मित्राच्या खोलीवर राहतात. बागेत कशाला झोपतील?"

हवालदाराने फक्त अण्णांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. अण्णा खालच्या फरशीकडे बघत होते. मित्र नाही आणि खोलीही नाही, हे तिला तेव्हा कळलं.

बाहेर आल्यावर ती पुढे चालू लागली. मग म्हणाली, "खोटं का बोललात?"

"तुला त्रास नको म्हणून."

"आता काय झालं मग? आता त्रास नाही?"

"तू रागावू नकोस, चिमे," अण्णा म्हणाले. "मी रात्री आडोशाला असतो. सकाळी नळावर आंघोळ करतो. कोणाला पत्ता लागत नाही."

हे ते अशा सुरात म्हणाले, की जणू एखादं काम नीट जमलं म्हणून सांगत होते.

अण्णा लिफ्टमन होते. एका सहा मजली इमारतीची जुनी लिफ्ट, ओढून लावायचे दोन जाळीचे दरवाजे आणि आत एक स्टूल. त्या स्टुलावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. इमारतीत जन्मलेली मुलं त्यांनी दुपट्यात वर नेली, पुढे दप्तरासकट खाली आणली, आणि त्यांतली काही लग्न होऊन गेली तेव्हा त्यांच्या बॅगाही उतरवल्या. सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणायचे. राहायला जिन्याखाली एक खोली होती, विजेच्या मीटरांना लागून. तिचं छत एका बाजूने उतरतं होतं. आई त्या उतरत्या बाजूला बसूनच स्वयंपाक करायची, कारण तिथे उभं राहता येत नसे. चिमी त्याच खोलीत लहानाची मोठी झाली. अजूनही कोणत्याही दारातून आत जाताना तिची मान आपोआप खाली जाते. नवरा यावरून तिला चिडवतो.

आई त्या खोलीतच गेली. चिमीचं लग्न तिथूनच झालं. मग एक दिवस नवी लिफ्ट आली. बटण दाबलं की दार आपलं आपण उघडायचं. स्टूल गेलं, आणि काम नाही तर खोली कशाला, म्हणून खोलीही गेली. तिथे आता लोकांची घरपोच आलेली खोकी ठेवतात. सोसायटीतली माणसं वाईट नव्हती. त्यांनी छोटा समारंभ केला, दोघेतिघे चांगलं बोलले, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर डोळे पुसले. आठवण म्हणून अण्णांना भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं.

"भिंतही द्यायची होती बरोबर," अण्णा घरी येऊन म्हणाले होते, आणि जावई पोट धरून हसला होता.

तेव्हा ते चिमीकडे राहायला आले होते. तिची एकच खोली. नवरा रंगारी, दोन मुली, सासूबाई. नवऱ्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. तो स्वतः दाराबाहेर पॅसेजमध्ये पथारी टाकायचा आणि म्हणायचा, "मामा, तुम्ही आत झोपा, मला बाहेर वारा लागतो." सासूबाईही सकाळी व्याह्यांच्या हातात आधी कप द्यायच्या. पण महिन्याभरात घरमालक आला. त्याने आत डोकावून बोटांवर माणसं मोजली आणि म्हणाला, "पाहुणे म्हटलं तर ठीक. हे पाहुणे दिसत नाहीत. माणूस वाढवायचा तर दुसरीकडे बघा."

पुढच्याच आठवड्यात चिमी कामावरून आली तेव्हा अण्णांचं अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. मोठ्या मुलीने निरोप सांगितला, "आजोबा मित्राकडे गेले. तिकडे खोली मोठी आहे म्हणाले."

चौकीतून आल्यावर त्या संध्याकाळपासून ती आणि नवरा खोली शोधायला लागले. मोठी नको होती. एक खाट मावेल एवढी जागा आणि दाराला कडी, बस. नवरा दिवसभर लोकांची घरं रंगवायचा. काम संपलं की तिथल्याच माणसांना विचारायचा. कोणी म्हणायचं, एकटा म्हातारा नको, उद्या काही झालं तर आम्ही कुठे धावायचं? कोणी आधी कुठे राहत होते ते विचारायचं आणि उत्तर ऐकून बोलणं आवरतं घ्यायचं. निवाऱ्यात जागा नव्हती, पलीकडच्या निवाऱ्यातही नव्हती. सरकारी घरांच्या कचेरीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सध्याचा पत्ता विचारला.

"पत्ता नाही, म्हणूनच तर आलोय," चिमी म्हणाली.

"ते कळतंय हो मला," बाई म्हणाल्या. खरंच कळत असावं, कारण त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

अशात नवऱ्याला एक म्हातारी भेटली. तिच्या घराच्या खिडक्या रंगवताना त्याने सहज विषय काढला. तिच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. आतला भाडेकरू महिनाअखेर जाणार होता. म्हातारी म्हणाली, "आणा तुमच्या सासऱ्यांना. माणूस बघते आधी."

चिमी अण्णांना घेऊन गेली. म्हातारीच्या घराचा दरवाजा बिजागरीत कुरकुरत होता. बोलणं चालू असतानाच अण्णांनी तो दोनतीनदा उघडून मिटून पाहिला आणि म्हणाले, "थोडं तेल हवंय याला. मी आलो की बघतो." म्हातारीला तेवढं पुरलं. तिने मुलाला विचारायचीही वाट पाहिली नाही. "एक तारखेला या," म्हणाली.

खोली बघून गच्चीवरून उतरताना अण्णा जिन्यात थांबले. "वरून सगळं दिसतं गं," ते म्हणाले. "ऊन पण येतं. माझ्या खोलीला खिडकीच नव्हती."

"तोवर घरी चला," चिमी म्हणाली. "मालकाला काय सांगायचं ते मी बघते."

"नको. तुमची खोली जायची. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे. आता एका जागी झोपत नाही मी, बदलत राहतो."

तिने फार ताणलं नाही. तिलाही थोड्याच दिवसांचा प्रश्न वाटला.

महिना संपत आला असताना बागेपाशी गाडी आली. झोपलेल्यांना उठवलं, गाठोडी आणि वळकट्या एका ट्रकमध्ये फेकल्या. त्यात अण्णांची पिशवी गेली. पिशवीत चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, आईचा फोटो आणि म्हातारीच्या दारासाठी घेतलेली तेलाची छोटी बाटली होती. पिशवी मागायला ते ट्रकमागे थोडे धावले. पळून जात होते, असं नंतर लिहिलं गेलं.

कोर्टात त्यांचा नंबर यायला दुपार झाली. चिमी मागच्या बाकावर होती. चष्मा नसल्याने अण्णांना न्यायाधीश नीट दिसत नव्हते, म्हणून ते आवाजाच्या दिशेने तोंड करून उभे होते.

"समज दिली होती ना तुम्हाला? मग पुन्हा तिथे का झोपलात?"

अण्णांनी विचार केला. "साहेब, झोप आली म्हणून."

लोक हसले. न्यायाधीशांच्या ओठांवरही हसू आलं आणि गेलं. अण्णांना आपलं काय चुकलं ते कळेना. त्यांनी मान वळवून चिमीला शोधलं, पण चुकीच्या बाजूला.

"घरचं कोणी आहे का यांचं?"

चिमी उभी राहिली. लॉन्ड्रीत ती दिवसभर बोलत असते, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून. इथे तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना.

"मी मुलगी. खोली ठरलीय साहेब त्यांची. एक तारखेपासून. चारच दिवस राहिलेत."

"दंड भरणार का?"

"दंड भरला तर खोलीला काय देऊ?" ती म्हणाली, आणि मग एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "आत ठेवलं तर तुम्ही त्यांना जेवायला देणार. अंथरूण देणार. दाराशी माणूस बसवणार. तो सगळा खर्च होणारच ना, साहेब? मग तोच खर्च करून कुठंतरी एक खोली द्या ना. बाहेरून कुलूप लावायची पण गरज नाही. ते आतून कडी लावून गप झोपतील. पुन्हा कधी तुमच्यासमोर येणार नाहीत."

कोर्टात आता कोणी हसलं नाही. न्यायाधीश दमलेले दिसत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, तुम्ही म्हणता ते चूक नाही," ते म्हणाले. "पण मला कोठडी देता येते. खोली देता येत नाही."

मग त्यांनी पेन उचललं आणि कमीत कमी जेवढी देता येत होती तेवढी शिक्षा दिली. ती कमीत कमी शिक्षा एक तारीख ओलांडून पुढे जात होती.

चिमी भेटायला गेली तेव्हा अण्णा जाळीपलीकडे येऊन बसले. तब्येत थोडी भरली होती. तिला ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

"झोप लागते का?" तिने विचारलं.

"हो. इथं कोणी उठवत नाही," ते म्हणाले. मग घाईने, "म्हातारीबाईंना सांगितलंस ना, गावाला गेलेत म्हणून?"

"सांगितलं."

सांगितलं होतं, पण ते टिकलं नव्हतं. म्हातारीच्या मुलाला कोणाकडून तरी सगळं कळलं होतं. सुटल्यावर तिघं मिळून तिच्याकडे गेले तेव्हा तिने दार पुरतं उघडलं नाही.

"मला माणूस चांगला वाटला होता," म्हातारी म्हणाली. अण्णा समोर उभे असताना ती चिमीच्या नवऱ्याशी बोलत होती. "पण मुलगा म्हणतो, जेलमधून आलेला माणूस घरात नको. मी त्याच्या जिवावर राहते. मी काय बोलू?"

"आई, त्यांनी चोरी नाही केली," नवरा म्हणाला. "झोपले होते फक्त."

"मला कळतं रे बाबा."

"मग?"

अण्णांनी जावयाच्या दंडाला हात लावला. "चला," ते म्हणाले. "त्यांना उभं राहून त्रास होतोय." आणि निघताना त्यांनीच तो कुरकुरणारा दरवाजा हलक्या हाताने ओढून घेतला.

त्यानंतरही शोध चालूच राहिला. पण आता खोलीवाला आधी चार प्रश्न विचारायचा, मग बाहेर चौकशी करायचा आणि मग फोन उचलायचा नाही. नवरा रात्री ताटावर बसून बोलेनासा झाला. एकदा म्हणाला, "आपणच ही खोली सोडून सगळ्यांसाठी दुसरी बघू." दोघांनाही माहीत होतं, दुसरी मिळणार नाही. मिळाली तर परवडणार नाही. मुलींची शाळा इथे होती. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. जाग्या होत्या.

अण्णा आता आडवे होत नाहीत. त्यांनी एका पोलिसाला नीट विचारून घेतलं. बाकावर बसायला मनाई नाही, झोपायला आहे. म्हणून ते बसतात. बागेबाहेर बसस्टॉपजवळच्या बाकावर, पाठ ताठ ठेवून, शर्टाचं बटण लावून, डोळे उघडे. डोळे मिटायला लागले की उठून फेरी मारतात. पाय सुजलेत. चपलेचा पट्टा त्यांनी कापून सैल केलाय. गोळ्या चिमी आणून देते.

ती हल्ली कामाच्या वेळेच्या बरीच आधी घरातून निघते. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी विचारत नाही.

आजही ती आली तेव्हा अण्णा बसलेले होते. डोळे लाल, नजर समोरच्या रस्त्यावर. तिने डबा उघडून दिला. त्यांनी थोडं खाल्लं, बाकीचं परत झाकलं. ती त्यांना चिकटून बसली.

"टेका डोकं."

"लोक बघतात, चिमे."

"बघू देत. लेकीच्या खांद्यावर टेकलं तर कोण काय म्हणणार?"

त्यांनी थोडा वेळ मान धरून ठेवली. मग ती हळूहळू कलली आणि तिच्या खांद्यावर येऊन थांबली. बघता बघता श्वास जड झाला. त्यांच्या डोक्याचा सगळा भार तिला जाणवत होता. तो वाटला होता त्यापेक्षा कमी होता.

गस्तीवरची एक पोलीस बाई बाकापाशी येऊन थांबली. वयाने तिच्याएवढीच असेल.

"झोपलेत का हे?"

"नाही," चिमी म्हणाली. "बसलेत."

पोलीस बाईने अण्णांच्या उघड्या राहिलेल्या तोंडाकडे पाहिलं, सुजलेल्या पायांकडे पाहिलं. "फार वेळ बसू नका," म्हणाली आणि बागेच्या फाटकाकडे गेली. आत कोणाला तरी उठवत असल्याचा तिचा आवाज ऐकू येऊ लागला.

बस आली. चिमीच्या कामाला वेळेवर पोचवणारी हीच बस होती. ती थांबली, दार उघडलं. रोजच्या कंडक्टरने वाकून चिमीकडे पाहिलं आणि घंटीच्या दोरीवर हात ठेवून वाट पाहिली. चिमीने नकारार्थी मान हलवली, तीही जपून, खांदा हलू न देता.