लवूने लावलेले जव

गोरेगाव पूर्वेला स्टुडिओच्या मागे एक मुरमाड उतार होता. इतका कोरडा, की पालीसुद्धा तिथून सावलीचा पास काढून जायच्या. त्या उतारावर आमच्या चाळीतल्या लवू परबाने ओट आणि जव पिकवायला घेतले, तेही एका घोडीसाठी.

गिरणीचा संप लांबला तेव्हा लवू शिवदासशेठच्या तबेल्यात लागला. शेठ शूटिंगला घोडे पुरवायचा. त्यातली चंपा म्हातारी. तिच्या पाठीवर जेवढे राजे बसून गेले, तेवढे इतिहासात झालेही नसतील. एकदा लढाईत मरून पडायचं होतं, तर ही अशी मेली, की दिग्दर्शकाने टोपी काढली आणि कॅमेरावाल्याने सुतक पाळलं. आता तिचे दात गेले होते. हरभरा चावेना, वाळलं गवत गिळेना. कोवळा चारा आणि भरडलेले जव तेवढे चालायचे, आणि ते बाहेरून आणणं शेठला जड जात होतं.

"होळी झाली की हिला देऊन टाकणार," शेठ म्हणाला.

"कोणाक?"

"घेणारे घेतात. पुढचं विचारू नकोस."

लवू त्या दिवशी जेवला नाही. गिरणी बंद पडली तेव्हाही पोटभर जेवलेला माणूस, म्हणून त्याची बायको कुंदा घाबरली. दुसऱ्या दिवशी लवूने शेठला गाठलं. "मागचो उतार पडानच आसा. बियाणा द्या. हिचो चारो मी काढतंय."

"निघाला तर घोडी राहील," शेठ म्हणाला, आणि ओट आणि जव, दोन्हीचं बियाणं एका गोणीत आणून दिलं.

घोड्यांना नाल ठोकणारा मार्तंड फलटणकडचा. तो म्हणाला, "मुरमाखाली पावसाची वल हाय अजून. पेर, झाक, आन गप बस."

"माका शिकवतंस? भात लावतत, नाचणी लावतत. जव काय आभाळातसून पडले?"

"तुम्ही कोकणी लोक," मार्तंड म्हणाला, "रोप उपटून परत लावल्याबिगर पोरगंबी मोठं करत न्हाई."

झालं. आता घाटावरच्याचं ऐकणं शक्यच नव्हतं. लवूने उताराच्या कोपऱ्यात शेण आणि पालापाचोळा जाळून राब भाजला, त्यात बी दाट टाकलं, कुंदाने नळाचं पाणी घातलं. रोपं अशी उठली, की चाळीतले म्हातारे बघायला गेले आणि गाव आठवून डोळे पुसत परतले.

"आसत तशी ऱ्हवांदेत," कुंदा म्हणाली. "बरी वाढतहत."

"गे, हो नुसतो तरवो, उपटून लावूचो. पीक अजून व्हावचा आसा."

एका रविवारी त्याने सगळं उपटून जुड्या बांधल्या. आम्ही शेजारी कंबर वाकवून लावणीला उतरलो. उतारावर चिखल नव्हता, तो बादल्यांनी केला. कुंदाने गाणं म्हटलं. दुरून कोणी पाहिलं असतं तर श्रावण समजून उपास धरला असता.

आठवडाभरात तो चिखल भाजल्या विटेसारखा झाला आणि एकेका रोपाचा गळा त्यात आवळला गेला. लवू जितकं पाणी घाली तितका तो घट्ट होई. रोपं पिवळी पडली, मग पांढरी. दुसऱ्यांदा बियाणं मागायला लवूला तोंड नव्हतं.

होळी झाली आणि टेम्पो आला. चंपा फळीवर पाय ठेवेना. टेम्पोवाले दोघे मागून ढकलत होते.

"लवू, तूच चढव," शेठ म्हणाला. "तुझं ऐकते."

लवू पाठ फिरवून चालू लागला. आम्हाला वाटलं, हा आता येत नाही. पण तो उताराकडे जाणाऱ्या पायवाटेवर थबकला आणि खाली बसला. बियाण्याची गोणी फाटकी होती, नेताना बी वाटेवर सांडलं होतं. ते कोणी लावलं नव्हतं. कडेकडेने ओट आणि जव गुडघाभर उभे होते, लोंब्या धरून. रोज त्याच वाटेने बादल्या नेताना लवू त्यांना गवत समजत आला होता.

त्याने त्यातले मूठभर उपटले आणि तो फळीवर चढला. चंपा त्याच्या हातातलं खात खात, सावकाश, मागोमाग चढली.

तो उतरल्यावर शेठने विचारलं, "हे कुठं आलं?"

"वाटेर."

"किती आहे?"

"तिका महिनाभर पुरला असता."

घेणारा पुढच्या सीटवर बसला होता, इंजिन सुरू होतं. लवू शेठच्या तोंडाकडे बघत राहिला. शेठने घेणाऱ्याकडे पाहिलं. मग "शब्द दिलाय रे," म्हणाला, आणि त्याने टेम्पोला हात केला.

मार्तंड तिथेच उभा होता. टोमणा मारायला याहून बरी वेळ मिळाली नसती. त्याने खाली पडलेली एक लोंबी उचलून लवूच्या हातात दिली.

"पेरून सोडूचा होता," लवूच म्हणाला.

"व्हय," मार्तंड म्हणाला.

पोरांना ही गोष्ट सांगताना मी चंपाला कुर्ल्याच्या पुलावरून टेम्पोबाहेर उडी मारायला लावतो आणि सकाळपर्यंत गोरेगावला आणून सोडतो. पोरं खूश होतात. पण लवू ऐकत बसला असला, की टेम्पो वळणावरून दिसेनासा होतो, इथपर्यंतच सांगतो.