कोऱ्या कपाळाचं कार्ड

"वर गणपती नको? मंग काय ठेवू, माह्यं डोस्कं?" वामनरावांनी हातातला गणपतीचा ठसा टेबलावर ठेवला.

"काईच नका ठेवू. जागा कोरी राहू द्या," मी म्हणालो.

छापखान्यात रॉकेल आणि शाईचा वास कोंडला होता. वामनरावांनी चष्म्यावरून मला खालीवर पाहिले. "लग्नाची पत्रिका असो नाई तं बिडीचं लेबल असो, माह्या दुकानातून बिनागणपतीचा कागद गेला नाई. तुले नेमकं काय छापाचं हाय? मोर्च्याचं पत्रक तं नाई ना?"

"इंजिन दुरुस्तीचं कार्ड छापाचं हाय. किती डाव सांगू?"

ही एकोणीसशे एकोणसाठची गोष्ट. मी दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये होतो. हमाली करता करता इंजिनाचे काम शिकलो आणि मिस्त्री झालो. त्या साली मालकाने बाहेरून दुसरा मिस्त्री आणला आणि मला म्हणाला, "नागोराव, तू पुन्हा पोती उचल." मी तसाच घरी निघून आलो. तेव्हा गावोगावच्या विहिरींवर तेलाची इंजिने बसत होती. एका कंपनीचा एजंट बाजारात आपल्या नावाची कार्डे वाटायचा आणि शेतकरी ती टोपीत जपून ठेवायचे. ते पाहून मला कार्डाचे सुचले. गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत काम मिळाले नाही, तर त्याच मालकासमोर जाऊन पाठीवर पोते घ्यावे लागणार होते.

पण गणपती मला नको होता. नागपूरला आम्ही दीक्षा घेतली, तेव्हा हात वर करून शब्द दिला होता. तो कागदापुरता मोडायचा नव्हता.

वामनराव अक्षरांचे खिळे जुळवू लागले. "इंजिन दुरुस्ती" त्यांनी ठळक घेतले आणि माझ्या नावासाठी बारीक खिळे उचलले.

"नाव बारीक काहून?" मी विचारले.

"ज्याचं इंजिन बंद पडलं, तो नाव नाई पाहत. इंजिन पाहते."

बोलणे बरोबर होते. तरी मला वाटले, याला माझे नावच दिसू द्यायचे नाही. अक्षरे मला तिशीनंतर आली होती. छापलेल्या कागदाने आमच्या लोकांना पुष्कळदा फसवले होते. मी म्हणालो, "दोन्ही सारखं घ्या."

"घेतो. पण हे असं कपाळ कोरं ठेवून दारोदार जाशील. लोक काय समजतील?"

"काय समजतील?"

वामनरावांनी तोंडात पान टाकले आणि पुन्हा खिळ्यांकडे वळले.

घरी बायकोने, कौसल्याने, एक कार्ड उचलले आणि उन्हाकडे धरून पाहिले. तिला वाचता येत नव्हते.

"वरचा गणपती काढला, पण आतून तं नाई ना टाकला त्यानं?"

"कागदाच्या आतून कसा टाकन वं?"

"त्याईचं काई सांगता येते? दुसऱ्या कोनाकडून वाचून घेतलं का?"

"म्या वाचलं."

"तुमीच लिवलं अन् तुमीच वाचलं. मोठी परीक्षा झाली!" ती हसली. पण कार्डे तिने स्वच्छ फडक्यात बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी मी बोरीला गेलो. विठ्ठलरावांचे इंजिन बंद पडल्याचे बाजारात कानावर आले होते. त्यांच्या अंगणात त्यांची म्हातारी आई, भागीरथाबाई, तूर पाखडत बसली होती. मी अंगणाच्या कडेला थांबलो.

"विठ्ठलराव हायेत का, आजी?"

"वावरात गेला. तू उकंड्याचा ना रे?"

"हो. हे कार्ड त्याईले द्या." माझ्या हातातून ती घेणार नाही, हे माहीत होते. मी कार्ड ओट्याच्या कडेला ठेवले.

तिने वाकून पाहिले. तिलाही वाचता येत नव्हते, पण छापलेल्या कागदाच्या डोक्यावर काय असते, हे ठाऊक होते. तिचा हात सुपावरच थांबला.

"श्री नाई? गणपती नाई?" तिने माझ्याकडे पाहिले. "कोन गेलं रे? फुलसावंगीवाली गेली का? माही बहीन गेली वं माय!"

मी "नाई, नाई" म्हणत राहिलो. पण तिने सुतकाचे न्हाणे म्हणून रांजणातला तांब्या डोक्यावर ओतला होता, दुसराही ओतला.

तेव्हा मला समजले. मर्तिकाच्या चिठ्ठीवर श्री घालत नाहीत. ती घरात नेत नाहीत, दारातच वाचून फाडतात. आणि चिठ्ठ्या येण्याआधी मर्तिकाची बातमी पोचवायचे काम माझ्या बापाचे होते. कोणाच्या घरी माणूस गेले की त्याला हाक यायची, "उकंड्या, सांगावा दे." तो उपाशी निघायचा, असाच अंगणाच्या कडेला उभा राहायचा आणि मेलेल्याचे नाव सांगायचा. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी ते काम टाकले होते. आता त्याचाच मुलगा बिनाश्रीचा कागद घेऊन त्याच जागी उभा होता. हे सगळे वामनरावांना ठाऊक असणार, असे मला वाटले. तो संशय अजून पुरता गेलेला नाही.

शेजारच्या बायका जमल्या. रडणे ऐकून विठ्ठलराव वावरातून पळत आले. त्यांनी कार्ड वाचले आणि कपाळावर हात मारला. "अवं माय, कोनी नाई मेलं! इंजिन दुरुस्तीचा कागद हाय हा!"

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. विठ्ठलराव मला म्हणाले, "नागो, वर श्री टाकून आन गा. साऱ्या गावात मीच वाटतो. धंद्यात धरम कायले आनतं?"

पाठीवरचे पोते मला तिथे उभ्या उभ्या जाणवले.

"श्री नाई टाकत," मी म्हणालो. "इंजिन दाखवता, का जाऊ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग वावराकडे पाहिले. गहू पाण्यावाचून माना टाकत होता.

"चाल," ते म्हणाले.

भागीरथाबाई ओल्या लुगड्याने ओट्यावर बसली होती. मी जवळून जाताना म्हणाली, "मंग माह्यं न्हानं कोनाच्या नावाचं झालं रे?"

मी थांबलो. "जो सांगावा आनत जाय, तो गेला, आजी. त्याच्या नावाचं समजा."

ती पदर पिळत राहिली.

इंजिनाच्या नळीत कचरा अडकला होता. दुपारनंतर ते सुरू झाले आणि पाणी सरीतून पुढे सरकू लागले. संध्याकाळी परत निघालो, तेव्हा अंगण रिकामे होते. ओट्याच्या कडेला माझे कार्ड होते. भिजून त्याचे कोपरे वर वळले होते. वाऱ्याने उडू नये म्हणून कोणीतरी त्यावर लहानसा दगड ठेवला होता.

घरात नेले नव्हते. फाडलेही नव्हते.