सोनेरी पाण्याची विहीर

शिंपीकाकांच्या मागच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी बाटल्या घेऊन, कुणी कळश्या घेऊन अख्खी आळी त्यांच्या विहिरीभोवती लोटली होती. मधोमध पाणीवाले महाराज. नुकत्याच शेंदलेल्या पाण्याच्या पेल्यात त्यांनी चिमूटभर भस्म टाकलं आणि पाणी जांभळं झालं. लोक श्वास रोखून बघत राहिले. हळूहळू जांभळा रंग विरला, पाणी पिवळसर झालं.

"पाप जळालं, सोनं उरलं!" महाराज गरजले. "इतक्या विहिरी पाहिल्या, पण एवढी जागृत हीच! झाकण फेकून द्या, तिला गुदमरवू नका. आणि पाणी उकळाल तर खबरदार! शक्तीची वाफ होईल!"

शिंपीकाकांचा ऊर भरून आला. त्यांची धाकटी नात जुलाबांनी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांचं औषध चालू होतं, तरी पोर सुकत चालली होती. आता घरच्या विहिरीतच औषध निघालं! तो सोनेरी पेला घेऊन ते घाईघाईने आत निघाले.

दारात त्यांची थोरली बहीण उभी होती. शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली ताई नातीला बघायला आली होती.

"पेला कुठे नेतोस?"

"ताई, आता मोडता घालू नकोस. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग आणखी थोडं बघ. शेजारून पेलाभर नळाचं पाणी आण."

पाणी आलं. ताईने महाराजांपुढे हात पसरला. "चिमूटभर द्या की! आमच्याही हातून पुण्य घडू दे."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? नळाचं पाणी जांभळं झालं आणि जांभळंच राहिलं.

"बघितलंत? नळाला कुठली शक्ती!" महाराज खूश झाले.

"अस्सं? मग घालू या थोडी." ताईने मोरीतलं गढूळ पाणी चमच्याने त्यात ओतलं. जांभळा रंग उतरला, सोनं उरलं!

गर्दीतली दूधवाली खो खो हसत सुटली. "अगं बाई! म्हणजे शक्ती आमच्या मोरीत राहते होय?"

"हे भस्म नाही, परमँगनेट नावाचं रसायन आहे," ताई म्हणाली. "पाणी स्वच्छ असलं तर रंग टिकतो. घाण असली की ती रंग खाऊन टाकते आणि हा पिवळट गाळ उरतो."

"बाई, श्रद्धेची परीक्षा घेताय!" महाराज कडाडले.

"छे हो, पाण्याची घेतेय."

शिंपीकाका पेला घेऊनच विहिरीत डोकावले. "पण ताई, घाण येणार कुठून? पाणी तर आरशासारखं दिसतं."

"तुम्ही कपडे कुठे धुता?"

"इथेच, कठड्याला लागून. शेंदलं की तिथेच धुवायचं, फेऱ्या वाचतात."

ताईने धुण्याच्या ओट्यावर बादलीभर निळीचं पाणी ओतवलं. शिंपीकाकांनी दुकानातला आरसा आणून उन्हाचा कवडसा विहिरीत सोडला. सगळे कठड्यावर ओणवे झाले. थोड्या वेळाने आतल्या दगडांच्या सांध्यातून एक निळा ओघळ झिरपला आणि खाली पाण्याकडे सरकू लागला.

"अरे देवा! आम्ही आमचंच धुणं पितोय!" शिंपीकाकांनी पेला मोरीत रिकामा केला आणि सुनेला तिथूनच हाक मारली, "पोरीचं पाणी उकळायला ठेव गं!"

लोकांनी माना वर केल्या तेव्हा महाराजांना दुसऱ्या कुठल्या तरी विहिरीने बोलावून घेतलेलं होतं.

पुढे विहीर उपसली, भेगा बुजवल्या, धुण्याचा दगड लांब हलवला, जंतुनाशक टाकलं आणि झाकण पुन्हा बसवलं. उकळलेल्या पाण्याने आणि डॉक्टरांच्या औषधाने नात उठली. आता ती दुकानातल्या चिंध्या घरभर पसरते आणि शिंपीकाका कौतुकाने ओरडतात.

विहिरीपुढे हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण नंतर तेच हात तिचा ओटा तपासायला लावा. आणि पाण्याने रंग बदलला, तर जयजयकाराआधी एवढंच विचारा: आत काय पडलं?