दार लावा, मी अजून गरम आहे!

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. लोखंड वितळवणारी अवाढव्य भट्टी नव्हे हं! प्रयोगशाळेच्या ओट्यावर मावणारी, विजेवर चालणारी. बनवणाऱ्यांनी माझ्या पोटात पांढऱ्या विटा रचल्या आणि तोंडाला जाड दार लावलं. स्वभावाने मी तापट, पण त्यावरच तर माझं पोट चालतं.

उमेदीच्या काळात माझा काय रुबाब होता! पुढे चकचकीत नवी भट्टी आली आणि माझ्या डोक्यावर रिकामी खोकी चढली. मग एक संशोधक ताई आली. नवी भट्टी तिला कधी मोकळी मिळेना, म्हणून तिने माझी धूळ पुसली.

ताईला रंगाच्या सौरघटाचं, म्हणजे रंगाच्या मदतीने उन्हापासून वीज करणाऱ्या काचेचं वेड. काचेवर पांढऱ्या पावडरीचा पातळ लेप द्यायचा, माझ्या पोटात भाजून तो पक्का करायचा आणि मग रंगात भिजवायचा. रंग ऊन पितो आणि लेप त्यातून सुटलेली वीज वाहून नेतो. पण कणांच्या गर्दीत वीज अडखळते, वाटेतच हरवते. म्हणून ताईने पावडरीत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक सुया मिसळल्या. विजेला सरळ वाट मिळावी, एवढाच तिचा हट्ट.

पण दर वेळी लेपाला तडे! का, ते मला ठाऊक होतं. ताईला धीर म्हणून नव्हता. मी बंद झाले रे झाले, की ही दार किलकिलं करून आत डोकावायची. गार हवा शिरायची आणि तापलेला लेप तडकायचा. अगं बाई, लाव ना ते दार! पण सांगणार कशी? मला तोंड दिलंय, जीभ नाही.

"सुयांचा नाद सोड आता," तिचे सर म्हणाले. "ही शेवटची काच. हिलाही तडे गेले, तर आपली साधी पावडरच बरी."

"सर, चूक सुयांची नाही वाटत हो मला."

"मग कोणाची?"

ताईने काच आत ठेवली, मला चालू केलं, डोळे पुसले आणि "मला नाही बघवणार" म्हणत तडक घरी गेली. माझा जीव भांड्यात पडला. वेळ झाल्यावर मी आपोआप बंद झाले आणि आपली सावकाश निवत गेले.

सकाळी तिने भीत भीत दार उघडलं.

"सर! अहो, लवकर या! एकही तडा नाही!"

"काल वेगळं काय केलंस?"

ताई विचारात पडली. मग माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, "काहीच नाही सर. काल मी हे उघडलंच नाही."

काच रंगात भिजली, दुसऱ्या काचेला जोडली गेली, खिडकीतल्या उन्हात ठेवली गेली. मीटरचा आकडा साध्या पावडरीच्या पुढे चढत गेला. कोपऱ्यातून बघताना मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, कुतूहल हवंच. ते नसतं, तर माझ्या डोक्यावर अजून खोकीच असती. पण आत चाललेल्या कामाला त्याचा वेळ द्या आणि नवी कल्पना फेकून देण्याआधी आपला हात कुठे घाई करतोय, तेही बघा.

ताई आता माझ्याकडे पाठ करून बसते, नखं कुरतडते आणि मधूनमधून विचारते, "झालं का गं?"

विचारू दे बापडीला. निवल्याशिवाय मी कोणालाच उत्तर देत नाही.