पहिला फेरा

इतवारीच्या बाजारात भांड्यांचा ठोक धंदा करणारे चंपतराव कुठलीही वस्तू घेताना दोनच गोष्टी बघत: ती दणकट आहे का, आणि समोरच्या दुकानातल्या मधुकररावांच्या घरी आहे त्यापेक्षा मोठी आहे का. कढईच्या बाबतीत हे चालून जातं. पण चंपतरावांनी तीच फूटपट्टी मुलीच्या मोटोक्रॉसच्या गाडीला लावली आणि साडेचारशे सीसीचं धूड दारात आणून उभं केलं.

भूमिका आजवर अडीचशेची गाडी चालवायची, आणि फार सुरेख चालवायची. कोराडी रोडच्या बाजूला क्लबचं मैदान होतं. तिथल्या मातीच्या उंचवट्यांवरून उडी घेताना गाडीला जणू तिच्या मनातलं कळायचं. गेल्या मोसमात तिनं मधुकररावांच्या आयुषला हरवलं, आणि आता मधुकरराव मुलाला मोठी गाडी घेणार अशी कुणकुण बाजारात लागली. नुसती कुणकुणच होती. पण चंपतरावांना तेवढी पुरली.

असलीच एक गाडी भूमिकेनं एकदा ओळखीच्या स्वाराकडून मागून चालवून पाहिली होती. पहिल्याच उंचवट्यावर ती पुढे आणि गाडी तिच्याही पुढे, अशी गत झाली होती. पुढच्या रविवारी शर्यत होती आणि तिला सरळसरळ भीती वाटत होती.

"बाबा, मले असली गाडी सांभाळवत नाही. हात सुटते."

"सुटते तं घट्ट धर ना वं," चंपतराव म्हणाले. "पावर गाडीत असते, भेव मनात असते."

आता गंमत अशी की हेच चंपतराव क्लबच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष होते. समिती म्हणजे सगळे स्वारांचे बाप. कोणत्या पोरानं किती ताकदीची गाडी चालवावी याला काही मर्यादा असावी, हा विषय दर मोसमाला निघे आणि तर्री-पोहे येईपर्यंत टिके. मागे अंकुश नावाचा मुलगा आपल्या कुवतीबाहेरच्या गाडीवरून पडला. त्याच्या मांडीत सळई घालावी लागली. समितीनं त्याला शाल-श्रीफळ दिलं. मांडीच्या एक्स-रेचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा चंपतरावांनी खाली लिहिलं, 'शेर'. तो शेर अजून काठी टेकत चालतो.

गाडीची पूजा मैदानावरच ठेवली होती, कारण घरी केली असती तर मधुकररावांना दिसली नसती. भूमिकेच्या आईनं, कामिनीबाईंनी, हँडलला लिंबू-मिरची बांधली, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. चंपतरावांनी नारळ फोडला, टाळ्या घेतल्या आणि लेकीला म्हणाले, "बस वं."

भूमिका जागची हलली नाही.

"पयला फेरा तुमचा, बाबा."

त्यांच्या घरात ही रीत जुनी होती. नवं कोरं वाहन आलं की पहिला फेरा घरातल्या मोठ्या माणसानं मारायचा, मगच पोरांनी हात लावायचा. वाहनात काही वाईट असेल तर ते मोठ्याच्या अंगावर यावं, लेकराच्या नको, असं भूमिकेचे आजोबा सांगायचे. त्यांनी गावी, पारशिवनीला, पहिल्या ट्रॅक्टरवर बसून मारुतीच्या देवळाला फेरा घातला होता. स्कूटर, टेम्पो, कार, सगळ्यांवर चंपतरावांनी तोच मान मिळवला होता. अडीचशेची गाडी तेवढी वापरलेली घेतली होती, म्हणून तिला फेरा नव्हता.

"हे रेसची गाडी हाय," चंपतराव घुटमळले. "इच्याले रीत नसते."

"काहून नसते गा?" मागून मधुकररावांचा आवाज आला. "नवीन गाडी हाय, घरचे मोठे तुमी. का भेव वाटते?"

झालं. आता इतवारीत तोंड दाखवायचं म्हणजे बसणं भाग होतं. चंपतराव फेटा बांधूनच निघाले होते. भूमिकेनं तो उतरवला, स्वतःचं हेल्मेट पुढे केलं आणि ते घातल्याशिवाय वाटेतून बाजूला होणार नाही असं बजावलं. सुरक्षा समितीच्या अध्यक्षांनी कुरकुर करत हेल्मेट चढवलं.

तिला वाटलं होतं, बाबा बसतील, उंची बघतील आणि उतरतील. पण ते बसले, आणि त्यांनी क्लच सोडला.

स्कूटरला देतात तशी त्यांनी रेस दिली होती. पुढचं चाक वर उठलं. घाबरून चंपतरावांनी मूठ घट्ट धरली, आणि ती मूठच रेसची असल्यामुळे जितकी घट्ट धरली तितकी गाडी जास्त पिसाळली. लेकीला दिलेला सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला. गाडी एकटीच कुंपणाकडे गेली आणि अध्यक्ष मातीत पालथे पडले.

"बाबा," म्हणत भूमिका धावली. आपण हे काय करून बसलो, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. चंपतरावांचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हेल्मेटला मोठी चीर गेली होती. ती चीर तिनं आईला दाखवली नाही.

पण पडले तरी नाक वर. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चंपतराव सांगत, "माह्यासारख्या गड्याले फेकलं, काय पावर असन बोला." तिसऱ्या दिवशी मधुकरराव संत्री घेऊन आले. त्यांनी तीच गोष्ट डोळे मोठे करून ऐकली, दोनदा ऐकली, आणि जाताना हळूच विचारलं, "विकता का?"

चंपतरावांनी विकली. भूमिकेला तिची जुनी गाडी परत मिळाली आणि तिला अगदी मोकळं वाटलं. ते मोकळेपण शर्यतीच्या सकाळपर्यंत टिकलं.

कारण सकाळी तिच्या शेजारी तेच धूड उभं राहिलं, आणि त्याच्यावर आयुष होता. पायाची बोटं जेमतेम जमिनीला लागत होती. हेल्मेटच्या काचेतून दिसणारे डोळे तिला ओळखीचे वाटले. आठवड्याभरापूर्वी आरशात तिचेच तसे होते.

भूमिका गाडीवरून उतरली आणि दोरीपलीकडे उभ्या मधुकररावांकडे गेली.

"काका, पयला फेरा मारला का तुमी?"

"ते वापरलेल्या गाडीले नसते वं."

"अजून कोणीच नाही वापरली काका. बाबा बसले तेवढंच."

आजूबाजूचे बाप वळून पाहू लागले. आयुषनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि गाडी वडिलांसमोर धरली. "मारा ना बाबा. एकच."

मधुकररावांनी गाडीकडे पाहिलं. मग चंपतरावांकडे पाहिलं. त्यांचा एक हात गळ्यात बांधलेला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी सोबत आणलेलं ते चिरलेलं हेल्मेट पुढे केलं.

"घाला गा मधुकरराव," चंपतराव म्हणाले. "भेव मनात असते."

मधुकररावांनी हेल्मेट घेतलं. चिरेवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"तुही जुनी गाडी कुठं हाय रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"टेम्पोत हाय," आयुष म्हणाला. "मी सकाळीच टाकून आणली."